भागाकाराचं उत्तर लहानच येतं, हे कोणी सांगितलं?

‘अपूर्णांकांचा भागाकार अर्ध्या मिनिटात’ अशा मथळ्याचा एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुसरा अपूर्णांक उलटा करा, गुणा आणि मोकळे व्हा, ‘का’ विचारत बसू नका. भास्कराचार्यांनीही एवढंच सांगितलंय. भागाकाराचं उत्तर नेहमी लहान येतं, मोठं आलं तर गणित चुकलं समजा. पावकी-निमकीच्या (म्हणजे पाव, अर्धा यांच्या पाढ्यांच्या) काळात हे सगळ्यांना यायचं, आता शाळा कागदाच्या पट्ट्यांत आणि चित्रांत वेळ घालवतात. चीनची मुलं घोकतात म्हणून पुढे आहेत. आणि एवढं करून हे आयुष्यात लागतं कुठे?

माझ्या वहिनींनी तो वाचला, पटला, आणि सहावीतल्या पुतणीला त्याप्रमाणे अभ्यासाला बसवलं. मग मला फोन: “हिच्या बाई पट्ट्यांच्या घड्या घालायला लावतात गं. सरळ नियम सांगा म्हणून त्यांना कळवू का?” मी आधी वही मागवली. वहीत ३ ÷ ३/४ हे गणित होतं. पोरीने आधी ४ लिहिलं होतं, अगदी बरोबर. पण ४ हे ३ पेक्षा मोठं, म्हणजे मेसेजप्रमाणे चूक. तिने ते कागद विरेपर्यंत खोडलं, तीनच उलटे केले, १/३ × ३/४ केलं आणि १/४ लिहिलं. उत्तर ‘लहान’ आलं, म्हणून खाली दुहेरी रेघ मारली.

म्हणून सगळ्यात आधी हाच मुद्दा. भागाकाराने संख्या लहान होते, हे पूर्ण संख्यांपुरतं बहुतेक वेळा खरं असतं आणि मुलं ते तिसरी-चौथीतून मनात घट्ट धरूनच येतात. अपूर्णांक शिकवताना पहिलं काम असतं ते ही समजूत सोडवण्याचं. मेसेज नेमकी तीच समजूत नियम म्हणून पक्की करतो. मुलाला फक्त ही गणितं एकाखाली एक लिहायला लावा: १२ ÷ ४ = ३, १२ ÷ २ = ६, १२ ÷ १ = १२. भाजक लहान होत गेला, तसं उत्तर वाढत गेलं. आता भाजक एकाच्याही खाली गेला तर? १२ ÷ १/२ = २४, १२ ÷ १/४ = ४८. बारा भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला चतकोर द्यायची, तर अठ्ठेचाळीस जणांना पुरतील. यात न पटण्यासारखं काय आहे? भाजक एकापेक्षा लहान असला की उत्तर भाज्यापेक्षा मोठंच यायला हवं. तसं आलं नाही तर गणित चुकलं. मेसेजने बरोबर उलटं सांगितलंय.

उलटी बाजूही मुलांना दिसायला हवी. ३/४ ÷ ३ म्हणजे पाऊण भाकरी तिघांत वाटायची, प्रत्येकाला चतकोर. इथे उत्तर लहान होतं, कारण भाजक ३ आहे. ३ ÷ ३/४ आणि ३/४ ÷ ३ या दोन्हींत आकडे तेच, पण एकाचं उत्तर ४, दुसऱ्याचं १/४. पुतणीने पहिल्याला दुसऱ्याचं उत्तर लिहिलं होतं. कोणता अपूर्णांक उलटा करायचा हे ज्याला फक्त पाठ आहे, तो परीक्षेच्या घाईत हा घोळ घालणारच, कारण चूक पकडायला त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं.

आता ‘का’ विचारू नका या मुद्द्याकडे. का ते सांगायला दोन मिनिटं लागतात. एका लिटरमध्ये पाव लिटरची मापं किती? चार. मग पाऊण लिटरची किती? पाऊण म्हणजे तीन पाव, म्हणून चाराला तीनने भागायचं: ४/३. एका लिटरला ४/३, तर पाच लिटरला ५ × ४/३. संपलं, उलटा करून गुणायचा नियम मुलाच्या डोळ्यांसमोर तयार झाला. हाच हिशोब पुढे नेला तर उत्तर ६ २/३ येतं. इथे मुलांना हमखास विचारावं: पाच लिटर दुधातून पाऊण लिटरच्या सहा बाटल्या भरल्या, अर्धा लिटर उरलं, मग उत्तर साडेसहा का नाही? कारण ते अर्धा लिटर म्हणजे अर्धी बाटली नाही, पाऊण लिटरच्या बाटलीचे दोन तृतीयांश आहे. हे ज्या मुलाला सांगता आलं त्याला भागाकार कळला. नियम घोकून ६ २/३ लिहिणाऱ्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी पाहते.

भास्कराचार्यांचं नाव घेतलंय ते अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. त्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात भाजकाचे अंश-छेद उलटून गुणावं, असा श्लोक आहे. पण श्लोक लक्षात ठेवण्यासाठी असतो. त्यामागची उपपत्ती, म्हणजे नियम का खरा आहे ते, गुरू सांगत आणि टीकाकार लिहीत. आपल्याच कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली, ती नियमांच्या उपपत्ती देण्यासाठीच ओळखली जाते. त्या परंपरेचं नाव घेऊन ‘का विचारू नका’ म्हणणं मला सहन होत नाही.

चीनचा मुद्दा तर पार खोटा आहे. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांचा प्राथमिक शिक्षकांच्या गणिताच्या समजेवरचा अभ्यास १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आला, त्यात अपूर्णांकांचा भागाकारही आहे. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे एकच गणित ठेवलं: पावणेदोन भागिले अर्धा. अमेरिकी शिक्षकांपैकी २१ जणांनी ते करून पाहिलं आणि फक्त ९ जणांचं पूर्ण बरोबर आलं. चीनचे ७२ च्या ७२ बरोबर. पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा: या गणिताला शोभेल असं शाब्दिक उदाहरण तयार करा. अमेरिकेतल्या २३ पैकी एकालाच अर्थाला धरून उदाहरण जमलं. पुष्कळांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘दोघांत अर्धं-अर्धं वाटणे’ यांची गल्लत केली. चीनमधल्या ६५ जणांनी बरोबर उदाहरणं दिली. त्यांतल्या काहींनी नियम का चालतो तेही सांगितलं आणि न उलटता करण्याच्या रीतीही दाखवल्या: ७/४ ÷ १/२ मध्ये अंशाला अंशाने, छेदाला छेदाने भागा, ७/२ येतं. म्हणजे साडेतीन. चीनचे शिक्षक पुढे होते ते अर्थ माहीत असल्यामुळे. मेसेज लिहिणाऱ्याने हे वाचलेलं नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असण्याला माझा विरोध नाही, उलट ती गेली याचं वाईट वाटतं. पण ती पाठ असलेली माणसं ३ ÷ ३/४ कसं करायची? पाऊणकी म्हणत जायची आणि चौथ्या पायरीला तीन आले की उत्तर चार. तीनमध्ये पाऊण किती वेळा बसतात, हेच ते मोजत होते. उलटा-बिलटा काही करत नव्हते. पुतणीच्या बाई पट्टीच्या घड्या घालून तेच मोजायला शिकवतात.

पट्ट्यांबद्दल एक गोष्ट मात्र कबूल. ३/५ ÷ २/७ पट्टीवर दाखवायचं तर तिचे ३५ भाग करावे लागतील, त्यातले २१ घ्यायचे आणि दहा-दहाचे गट पाडायचे. असं एकदा करून बघावं, रोज नाही. तिथे नियमच वापरायचा आणि तो झटपट आलाच पाहिजे. फक्त आधी सोपी गणितं अर्थाने झालेली असावीत.

राहिलं ‘लागतं कुठे’. सव्वादोन मीटर कापडात पाऊण मीटरचे ब्लाउज किती बसतील, हे शिंपी रोज बघतो. डॉक्टरांनी रोज अर्धी गोळी सांगितली आहे, पट्टीत १५ गोळ्या आहेत, पट्टी किती दिवस जाईल? १५ ÷ १/२, म्हणजे ३० दिवस. मेसेजचा ‘उत्तर लहानच’ हा नियम धरून बसलेलं मूल साडेसात सांगेल.