रद्दीत घालण्याआधी दोन ढीग करा

जुनी पुस्तकं किलोवर रद्दीत विकून कपाट मोकळं करावं, असा सल्ला एका लेखात वाचला. त्याआधी दोन ढीग करा: एक वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला एकेक करून विकायच्या पुस्तकांचा, दुसरा गोव्यात छापलेल्या जुन्या पुस्तकांचा. गोव्यात आधी दमट हवेचा विचार करायला हवा. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या पुस्तकांना बुरशी धरते आणि वास आला की गिऱ्हाईक परत पाठवतं. म्हणून ऑक्टोबरनंतर पुस्तकं बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर पानं उघडी ठेवून वाळवा. कडक उन्हात बांधणीचा डिंक तडकतो. डाग कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका, ओलं फडकं नको. पुरतं वाळायच्या आत प्लास्टिकमध्ये बांधलंत तर बुरशी आतच वाढते.

किंमत लावताना पुस्तकामागचा आयएसबीएन (आवृत्तीचा ओळख क्रमांक) इंटरनेटवर टाकून तीच आवृत्ती शोधा. अभ्यासक्रम बदलला की पाठ्यपुस्तकाला कोणी विचारत नाही, ती नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधीच विकून टाका. कणा, कोपरे आणि नाव लिहिलेलं पान यांचे फोटो द्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

१९६१पूर्वी गोव्यात छापलेली मराठी, कोंकणी, पोर्तुगीज पुस्तकं मात्र कृपा करून तराजूत घालू नका! आधी पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा.