‘ओढायला टॉर्कच लागतो, एचपी नुसती मिरवायला’: या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, टोमण्यासकट पूर्ण वाचली तुमची प्रतिक्रिया. तुमचं म्हणणं असं की फोर्डच्या सुपर ड्यूटी या अमेरिकन पिकअप ट्रकच्या हाय आउटपुट डिझेल इंजिनबद्दल लिहिताना मी ५०० एचपीचं (हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिन सेकंदाला किती काम करतं त्याचं माप) कौतुक करत बसलो आणि १२०० पाउंड-फूट टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) एका ओळीत उरकला, आणि जड ट्रेलर टॉर्कवरच ओढला जातो हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल.

बरं, मग हे बघा. १२०० पाउंड-फूट म्हणजे साधारण १६२७ न्यूटन-मीटर, आणि आपल्याकडे हायवेला ५५ टनाला पास असलेला टाटाचा ५५३० ट्रॅक्टर-ट्रेलर दिसतो ना, त्याचं इंजिन ११०० न्यूटन-मीटरचं आहे, म्हणजे नुसत्या टॉर्कवर ठरत असतं तर त्या पिकअपने ५५ टन आरामात ओढायला हवे होते, पण फोर्ड स्वतःच सुपर ड्यूटीच्या एफ-४५० मॉडेलला ४०,००० पाउंडांच्या, म्हणजे १८ टनांच्या ट्रेलरवर थांबवते. चासी, ब्रेक, कूलिंग हे सगळं त्यात आलंच, पण मुख्य म्हणजे इंजिनचा टॉर्क जसाच्या तसा चाकाला जातच नाही, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) तो कितीतरी पट वाढवून देतात. एचपी मात्र कुठलाच गिअर वाढवून देत नाही.

आता चढ घ्या. गाडी धरून १० टन वजन, ७ टक्के चढ, ताशी ८० किमी. नुसतं वर चढायलाच २०० च्या पुढे एचपी जातात, वारा आणि टायर वेगळे. या हिशोबात इंजिनचा टॉर्क कुठे आला सांगा? या फोर्डचा पीक, म्हणजे सगळ्यात जास्त, टॉर्क १६०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), तिथे इंजिन ३६५ च्या आसपास एचपी देतं. २६०० ला टॉर्क उतरून हजाराच्या जवळ येतो पण एचपी ५०० होतात, आणि त्याच वेगाला खालचा गिअर असल्यामुळे चाकावरची ओढ उलट तिसऱ्या हिश्शाने वाढलेली असते. म्हणून तर चढाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर खाली घेतो, पीक टॉर्कला चिकटून बसत नाही.

तुमचा ड्रायव्हर खोटं बोलत नाहीये हां. फोर्डचंच ७.३ लिटर पेट्रोल ४३० एचपीचं आहे, पण ते ५५०० आरपीएमला, म्हणजे चढभर इंजिन किंचाळत ठेवा, आणि डिझेल १६०० लाच ३६५ देऊन मोकळं, गाडी जागेवरून उचलायलाही सोपी. त्यात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये आय-७० हायवेचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर, तिथे विरळ हवेत टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन पाव हिश्शाहून जास्त ताकद गमावतं आणि टर्बो डिझेलला फारसा फरक पडत नाही. माझ्या मते डिझेल घ्यायचं खरं कारण हे आहे, ब्रोशरवरचा १२०० चा आकडा नाही.

घेताना कमी आरपीएमला किती एचपी मिळतात ते स्वतःच काढा, टॉर्क गुणिले आरपीएम, पाउंड-फूट असेल तर भागिले ५२५२, न्यूटन-मीटर असेल तर ७१२१. आणि रिअर अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे डिफरन्शियल टॉर्क किती पट वाढवतो ते, विचारायला विसरू नका.