जनरेटर झाकून ठेवला म्हणजे सांभाळला असं नसतं

मे संपत आलाय. ज्यांच्याकडे छोटा पेट्रोलचा जनरेटर आहे त्यांनी तो या रविवारी पडवीतून ओढून बाहेर काढा आणि एकदा चालू करून बघा, एवढंच सांगायचं होतं. बाकी माझं रडगाणं, वेळ असेल तर वाचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, आमच्या वाडीत कितीतरी दिवस लाईट नव्हती. मग बाबांनी दोन केव्हीएचा जनरेटर घेतला. सगळ्या वाडीचे मोबाईल त्यावर चार्ज झाले, विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंपही चालला. लाईट आली आणि आम्ही तो जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला, पेट्रोल टाकीत तसंच. पुढच्या मे मध्ये तौक्ते आलं, लाईट गेली आणि दोरी खेचून खेचून माझ्या दंडात गोळे आले पण पठ्ठ्या खोकलासुद्धा नाही. चार दिवसांनी मेकॅनिक आला. कार्ब्युरेटरची (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) वाटी उघडली तर तळाला जुन्या पेट्रोलचा फणसाच्या चिकासारखा चिकट थर, जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक पूर्ण बुजलेलं. वर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, ते वेगळंच. म्हणाला, दादा हा बिघडला नाही, बसून गेलाय.

तेव्हापासून मी एक ठरवलंय. महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवायचा, तोही रिकामा नाही, पंप नाहीतर इस्त्री लावून. बंद करताना स्विच नाही दाबायचा, पेट्रोलचा कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल अडवणारी चावी) बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून तो आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. पावसाळा संपला की टाकी रिकामी करून ते पेट्रोल सरळ बाईकमध्ये. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा!

ऑइल मात्र दर वेळी बघा, जनरेटर सपाट जागेवर ठेवून. आमचं अंगण उतरतं, ऑइल जरा कमी झालं की सेन्सर इंजिन बंद करतो आणि आपण स्पार्क प्लगला शिव्या घालत बसतो (मी घातल्यात). नव्या मशीनचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलायचं, नंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. आम्ही पहिलंच बदललं नव्हतं, काळं डांबर निघालं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, दोन थेंब ऑइल लावून पिळायचा, झालं.

आणि पाऊस आहे म्हणून पडवीत किंवा खिडकीखाली चालवू नका हो, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. घरापासून लांब, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या.

काल चालवला, दुसऱ्या खेचीला सुरू झाला. बाबा ओटीवरून ओरडले, लाईट आहे ना रे, मग पेट्रोल कशाला जाळतोयस!