सिंहाच्या छाव्यांबद्दलचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की दक्षिण आफ्रिकेत अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजून मोठं करतात, मग जंगलात सोडतात, आणि हा खर्च ट्रॉफी हंटिंगच्या, म्हणजे मारलेल्या प्राण्याचं डोकं-कातडं (ट्रॉफी) मिरवायला घरी नेण्यासाठी पैसे भरून केलेल्या शिकारीच्या, पैशातून भागतो. कृपया पुढे पाठवू नका. बंदिस्त पैदास करणाऱ्या फार्मवरचे बहुतेक छावे अनाथ नसतातच, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना आईपासून काढून घेतात म्हणजे सिंहीण लवकर परत विते, आणि तिकडे व्हॉलंटियर म्हणून आलेली पोरं पैसे भरून त्यांना दूध पाजतात, खूप मनापासून पाजतात हो, त्यांना खरंच वाटतं आपण जीव वाचवतोय. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडायच्या कामाचा राहत नाही. मोठा झाला की त्यातल्या कित्येकांची रवानगी कुंपणाच्या आत शिकारीसाठी होते, गाडीचा आवाज म्हणजे मांस आलं एवढंच त्याला माहीत, तो पळणार कशाला? याला कॅन्ड हंटिंग म्हणतात. काही गिऱ्हाइकांना तर तो जंगली सिंह आहे असंच सांगितलं जातं.

तिथे असे कैदेतले सिंह अंदाजे 8,000 च्या वर आहेत, जंगलातले त्याच्या निम्मेही नाहीत. अमेरिकेने 2016 मध्ये अशा सिंहांच्या ट्रॉफी आणायला बंदी घातली, आणि 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्याच सरकारी समितीने हा धंदा बंद करा असं सांगितलं. सगळीकडची शिकार अशीच चालते असं मी म्हणत नाहीये, पण या छाव्यांच्या फोटोखाली 'संवर्धन' लिहिणं ही सरळ फसवणूक आहे.