खोकला थांबला म्हणून टीबीच्या गोळ्या थांबवू नका

"दोन महिन्यांत थुंकी निगेटिव्ह आली की टीबीच्या गोळ्या बंद करा, लिव्हर वाचेल" हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. टीबीचा जंतू मुळातच संथ. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण 20 तास लागतात, आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूला 20 मिनिटं पुरतात. टीबीच्या जंतूला गिळणाऱ्या, शरीराचा बचाव करणाऱ्या मॅक्रोफेज पेशीतच तो तग धरतो. भोवती पेशींची गाठ जमून ऑक्सिजन कमी पडला, की वाढ जवळजवळ थांबवतो. अशा सुस्त जंतूंवर औषध हळू चालतं, थुंकीत ते सापडतीलच असंही नाही. म्हणून नेहमीच्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. लिव्हरची काळजी रास्तच. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तो मेसेज मात्र पुढे ढकलू नका.