कान घरी ठेवून डॉक कसा घ्यावा

आयपॉडसाठी स्पीकर डॉक, म्हणजे आयपॉड वर खोचला की गाणी मोठ्यानं वाजवणारा डबा, घ्यायची योग्य वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर बेधडक सांगावं: आत्ताची. अ‍ॅपलनं २०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचा कारभार गुंडाळला, त्यामुळे उद्या नवं मॉडेल येईल आणि आपलं जुनं ठरेल ही धास्तीच उरलेली नाही. कपाटाच्या खणात, पासपोर्ट साइझ फोटो आणि संपलेल्या सेलांच्या सोबतीनं पडलेला आयपॉड काढा, पुसा, चालू होतो का बघा. नाही झाला तरी डॉक घ्याच. डॉकला घड्याळ असतं.

आधी बजेट ठरवा. घरात दोन हजार सांगा, मनात तीन धरा, दुकानदाराला दीड सांगा. म्हणजे पुढे हिशेब कुणालाच लागत नाही.

खरेदीला मेव्हण्याला सोबत न्या. त्याला साऊंडमधलं कळतं. मंडळाच्या गणपतीत दोन वर्षं मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसला होता तो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे खोकं. खोक्यावर वॅटचा जो सर्वांत मोठा आकडा असेल, त्यावर विश्वास ठेवा. '१००० वॅट पीएमपीओ' असं लिहिलेलं असेल तर पुढे विचारूच नका. पीएमपीओ, म्हणजे क्षणभरच्या कमाल ताकदीचा दावा, कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाण नाही, त्यामुळे प्रत्येक कारखाना आपापल्या कुवतीप्रमाणे आकडा छापतो. कुवत म्हणजे छापखान्याची. त्याच खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात 'आरएमएस' म्हणून एक आकडा असतो. यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं ते तो सांगतो. तो वाचू नये. पाच, सहा असं काहीतरी निघतं आणि उगाच मूड जातो.

त्याहून धोकादायक वस्तू म्हणजे सोबतचा अ‍ॅडॅप्टर. तो कधीही उलटा करून बघू नका. त्याच्या पोटावर 'आउटपुट ९ व्होल्ट, १ अँपिअर' असं छापलेलं असतं, आणि तुम्ही शाळेत गुणाकार शिकलेले असता. नऊ वॅट खाऊन हजार वॅट ओकणारं यंत्र दीड हजारात मिळत असेल तर महावितरणनं चार घेऊन ठेवायला हवेत. पण असले प्रश्न नववीच्या विज्ञानात विचारायचे असतात, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नाही.

दहा वॅटवाला आणि वीस वॅटवाला शेजारी ठेवले असतील तर वीसवाला घ्या. ताकद दुप्पट झाली की आवाज वाढतो तीन डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद दहापटीच्या आसपास लागते. पण शेजारच्या जोश्यांना सांगताना कुणी डेसिबल सांगत नाही.

काही मंडळी म्हणतात, ऐकून घ्या. घ्या की! शनिवारी संध्याकाळी बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत उभे राहा. एका बाजूला रिक्षाचा हॉर्न, दुसरीकडे माळांच्या दिव्यांचं बझर, तिसऱ्या दुकानात दुसराच डॉक किंचाळतोय. दुकानदार स्वतःचं डेमोचं गाणं लावतो. त्यात सुरुवातीची चाळीस सेकंद नुसतं धडामधूम असतं. तिथेच मान डोलावून पैसे द्यायचे. स्वतःचं ऐकायचं गाणं बरोबर न्यायचा आगाऊपणा करू नये. एखादा अभंग लावलात तर तबल्याच्या चाटेची टिकटिक स्वच्छ ऐकू येईल, टाळ तर कान कापतील, आणि डग्गा? डग्गेवाला त्या दिवशी मैफिलीला आलेलाच नसतो. स्पीकरमधला दोन इंची कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, खर्जाला लागते तेवढी हवा ढकलूच शकत नाही. मग कारखानदार त्याच्या वरच्या पट्टीत एक फुगवटा देतो, तो धपधप वाजतो आणि त्याला बास म्हणायची पद्धत आहे. तक्रार केलीत तर दुकानातला मुलगा म्हणेल, "काका, नवीन पीस आहे, वाजून वाजून मोकळा होईल." मेव्हणाही मान डोलावेल.

स्टीरिओबद्दल विचाराल तर तो असतोच, खोक्यावर छापलेला असतो. डावा आणि उजवा असे दोन स्पीकर एकमेकांपासून वीतभर अंतरावर. डावं-उजवं नीट कळायचं तर दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तेव्हा नाक डॉकला लावून बसा.

पैसे फारच कमी असतील तर रविवारी जुन्या बाजारात जा. तिथे तीस पिनांची रुंद खाच असलेले डॉक भाजीच्या भावात मिळतात. ही खाच २००३ मध्ये आली, २०१२ मध्ये तिच्या जागी आठ पिनांची बारीक 'लाइटनिंग' खाच आली आणि जगभरातले डॉक एका रात्रीत पेपरवेट झाले. तुमचा आयपॉड जुन्या खाचेचा असेल तर तुम्ही नशीबवान. तरी एक गंमत राहते: सुरुवातीचे काही डॉक फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीच्या पिनांतून बारा व्होल्टनं चार्ज करत, आणि २००८ पासूनच्या आयपॉड नॅनो आणि टच या मॉडेलांनी ते घेणंच सोडून दिलं. म्हणजे आयपॉड ऐटीत डॉकवर बसतो, गातो, आणि गाता गाता त्याची बॅटरी संपते. विकणारा म्हणतो, "वाजतोय ना?" वाजतोय तर खरं.

डॉकच्या पाठीमागे एक छोटं गोल भोक असतं, साडेतीन मिलिमीटरचं. त्याला ऑक्स म्हणतात. त्यात बोट, काडी, वायर काहीही घालू नये. आयपॉडच्या हेडफोनच्या भोकातून तिथे साधी वायर आणली तर पिना आठ की तीस हा वादच मिटतो, आणि मग फोन, टीव्ही, हेडफोनचं भोक असलेला बाबांचा ट्रान्झिस्टरसुद्धा वाजू लागतो. डॉकच्या खाचेतून येणारा सिग्नल हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरला वळसा घालून येतो, म्हणून तो जास्त स्वच्छ असतो, हे मला मान्य आहे. ती स्वच्छता दोन इंची कोनातून ऐकू येणाऱ्याला माझा नमस्कार. वायरचा खरा धोका वेगळाच आहे: ती हातात आली की माळ्यावरचे काँप्युटरचे जुने स्पीकर आठवतात. त्यांनाही तीच वायर चालते, आणि ते दोन वेगळे डबे असल्यामुळे हवे तेवढे लांब ठेवता येतात. फुकटच्या फुकट. तेव्हा माळ्याकडे बघूच नका.

डॉक घरी आला की जागा. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवला तर खालचे स्वर आपोआप थोडे भरतात. पण कोपऱ्यातला हजार वॅट पाहुण्यांना दिसणार कसा? शोकेसमध्येच ठेवा, काचेच्या आत, बाळाच्या ट्रॉफीशेजारी, वर क्रोशाचा रुमाल टाकून. आवाज अर्ध्यावर नेलात की सरकती काच खणखण वाजू लागते. सोफ्यावरचे काका चहाची बशी खाली ठेवून म्हणतात, "बास जबरदस्त आहे हं! कितीला बसला?"

अडीच सांगा.