तो डाग नाहीये हो

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणारे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

काल रात्री आमच्या जुन्या घराच्या मागच्या दाराचं चित्र टाकलं होतं ना मी इथे, वॉटरकलरमधलं, तुम्ही सगळ्यांनी इतकं कौतुक केलंत त्याचं. सकाळी उठून बघते तर एका ओळखीतल्या गृहस्थांचा मेसेज. "छान जमलंय. फक्त दारावर उजवीकडे डाग पडलाय. तेवढा डाग सोडून नवीन करून द्या, घेतो मी. किती ते सांगा." आणि पुढे अंगठा.

अंगठा! गंमत बघा. तो जो डाग आहे ना, तो बाबांचा अंगठाच आहे.

ते घर आता नाहीये. आधी विकलं गेलं, मग घेणाऱ्यांनी पाडलं. मागच्या दाराचा एकसुद्धा फोटो नाही आमच्याकडे, कारण फोटो काढायला सगळे पुढच्या दारात उभे राहतात, मागच्या दारातून नुसती ये-जा. मग काय, आठवेल तसं काढत बसले. दादा म्हणे दार हिरवं होतं, मी म्हणे निळं, शेवटी अल्ट्रामरीनमध्ये जरासा पिवळा घातला आणि दोघंही नाराज झालो. कडी मला नेहमीच्या उंचीवर आठवत होती, तशीच काढली. कागद चांगला होता, ३०० जीएसएमचा जाड कॉटन, जपून ठेवलेला. आणि दाराचा रंग ओला असताना बाबा मागून आले, चष्मा कपाळावर, "अगं कडी तिथे नव्हती, इथे होती," म्हणाले आणि अंगठा टेकवला की हो सरळ!

ज्यांनी वॉटरकलर केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. रंग अर्धवट वाळलेला असताना असा हात लागला की तो बाजूला सरकतो, मध्ये फिकट चट्टा आणि कडेला गडद रेघ, मग कितीही निस्तरा, जात नाही. मी ओरडले. चांगलीच ओरडले. माणसाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत बाहेर जाऊन बसले. आजही तो हात आठवला की लाज वाटते.

बरं, आता राग कसला आलाय मला, पैसे विचारले म्हणून? थोडा त्याचाही. म्हणजे आपण काहीही करा, गा, विणा, चित्र काढा, लोकांचा पहिला प्रश्न हाच. विकता का? ऑर्डर घेता का? पेज काढा ना! आठवडाभर ऑफिसमध्ये सगळ्याचा हिशोबच करते मी, रविवारचे दोन तास बिनहिशोबी असू देत की. हां, रंग-कागद फुकट येत नाहीत आणि जे चित्रं विकून घर चालवतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, मान्य. ती अमेरिकेतली ग्रँडमा मोझेस, संधिवाताने भरतकाम जमेना म्हणून सत्तरीनंतर आठवणीतली शेतं रंगवायला लागली, तिचीही चित्रं विकली गेलीच. पण ती काही विकायची म्हणून बसली नव्हती ना काढायला.

आणि "डाग सोडून"! चित्रकार मार्क शगालने १९११ मध्ये पॅरिसला बसून आपलं गाव रंगवलं, त्यात माणसाचा चेहरा हिरवा आहे आणि एक बाई डोकं खाली पाय वर. त्यालाही सांगायचं का, बाईंना तेवढं सरळ करून द्या, घेतो मी?

असो. चिडून उपयोग नाही, त्या गृहस्थांना काय माहीत. मी तरी कुठे लिहिलं होतं काल.

तर ओरडले त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना चहा द्यायला गेले, म्हणजे माफी मागायलाच, पण तसं तोंडाने कोण म्हणतं आपल्या घरात. तेच आपणहून बोलायला लागले. आजीचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता, म्हणून आजोबांनी कडी उपसून खाली ठोकली. वरच्या जागी खिळ्यांची दोन भोकं तशीच राहिली. लहानपणी बाबा त्या भोकांना डोळा लावून बाहेर बघायचे. एवढं सलग बोलताना मी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं.

रात्री वरची कडी ओल्या ब्रशने उचलली. पूर्ण गेली नाही, पुसटशी आहे अजून, झूम करून बघा. तिथे दोन ठिपके दिले. खाली मात्र कडी काढलीच नाही. तिथे अंगठा होता.

माझा पर्स्पेक्टिव्ह गंडलाय, पायऱ्या घसरगुंडीसारख्या दिसतात, सगळं कबूल. तो एक चट्टा सोडून काहीही नावं ठेवा.

दुपारी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं आता तेही चिडतील. तर म्हणाले, "अगं मग दे की त्यांना दुसरं करून, त्यात काय. फक्त कडी खाली घे."